जनसंपर्काचा व्यवसाय आणि सत्याचे बंधन

(जळगाव जामोद येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जळगाव जामोदच्या श्रोत्यांपुढे खऱ्याखोट्याचा विषय मांडायचा, तर आरंभ भेंडवळपासून करणे उचित. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी भेंडवळच्या शिवारात घट आखला जातो. भोवती अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई असे पदार्थ. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातील जाणती माणसे त्या मांडणीत रात्रभरात काय बदल झाले ते पाहतात आणि पाऊसपाणी कसे राहील, कोणते पीक साधेल, भावाचे काय होईल, हे जमलेल्या लोकांपुढे सांगतात. गावोगावचे शेतकरी त्यासाठी आदल्या रात्रीपासून येऊन बसलेले असतात.

ही भाकिते कितपत खरी ठरतात, त्यांना शास्त्राचा आधार आहे काय, यावर दरवर्षी वाद झडतो. तो वाद येथे सोडवायचा नाही. लक्ष वेधायचे आहे ते मांडणीच्या पद्धतीकडे. सांगणारा माणूस समोर उभा असतो. तो कोणत्या घराण्यातला, हे सर्वांना ठाऊक असते. ज्या आधारावर तो बोलतो, तो आधार मोकळ्या शेतात उघड्यावर पडलेला असतो. कोणते धान्य जागचे हलले, घागरीवरची पुरी राहिली की गेली, हे दहा माणसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. ज्याला विश्वास ठेवायचा तो ठेवतो आणि ज्याला नाही तो हसून घरी जातो. ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य कोठेही हिरावले जात नाही.

याच शेतकऱ्याच्या हाती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र येते. एका पानावर एखाद्या वाणाने, औषधाने किंवा योजनेने कोणाचे कसे कल्याण झाले, याची सचित्र कहाणी असते. ती कोणी लिहिली, वार्ताहराला त्या गावी कोणी नेले, जेवण कोणी दिले, पानाचे पैसे भरले गेले काय आणि भरले असतील तर कोणी, यातले काहीही त्याला दिसत नाही. आजचा विषय या न दिसणाऱ्या भागाचा आहे.

जाहिरात आणि जनसंपर्क यांत एक मूलभूत भेद आहे. जाहिरात स्वतःची ओळख लपवीत नाही. साबणाच्या चित्राखाली कंपनीचे नाव असते आणि विकणारा आपल्या मालाची स्तुतीच करणार, हे शाळकरी मुलालाही समजते. जनसंपर्काचे काम मात्र दुसऱ्याच्या तोंडून होते. आपली गोष्ट संपादकाने, वार्ताहराने, डॉक्टरने, एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाने आपली म्हणून सांगावी, यात त्या व्यवसायाचे कौशल्य असते. हे कौशल्य स्वतःहून पाप नव्हे. रुग्णालयाने नव्या शस्त्रक्रियेची माहिती पत्रकाराला कळवावी, बँकेने ठेवीदारांच्या शंकांना उत्तर द्यावे, शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाने योजनेचे अर्ज कोठे मिळतात ते सांगावे, हे सारे जनसंपर्कच आहे आणि त्यावाचून समाजाचे अडेल. अनेक सज्जन माणसे या व्यवसायात आयुष्यभर सचोटीने राबली आहेत.

तरीही या व्यवसायाच्या मनात सत्याविषयी एक अस्वस्थता आहे, हे नाकारता येत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये लंडन येथे जनसंपर्क व्यावसायिकांचा एक जाहीर वादविवाद झाला. सत्य सांगणे हे जनसंपर्काचे कर्तव्य आहे, असा ठराव मांडला गेला. बाजूने १२४ मते पडली, विरुद्ध १३८. म्हणजे ठराव फेटाळला गेला! हे मत देणारे कोणी भुरटे ठग नव्हते, आपल्या क्षेत्रात नाव मिळवलेले सुशिक्षित लोक होते. भारतात स्थिती कागदावर बरी आहे. १९६५ साली अथेन्स येथे स्वीकारली गेलेली आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आपल्याकडील व्यावसायिकांच्या संघटनेने, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने, २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या अधिवेशनात अंगीकारली. म्हणून २१ एप्रिल हा दिवस जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. सत्याला अन्य कोणत्याही गरजेच्या दावणीला बांधू नये, असा त्या संहितेचा आशय आहे. परंतु डॉक्टरचा परवाना वैद्यक परिषद काढून घेऊ शकते, वकिलाची सनद जाऊ शकते. जनसंपर्क अधिकाऱ्यापाशी हिरावून घेण्याजोगा परवानाच नसतो. संहिता मोडली तर त्याचे काय होते, या प्रश्नाला उत्तर नाही.

आता आपल्या विदर्भातील उदाहरण पाहू. कापूस पिकविणाऱ्या तालुक्याने ते नीट समजून घेतले पाहिजे.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्र सरकारने मान्यता दिली आणि पाहता पाहता पऱ्हाटीचे बहुतेक क्षेत्र या वाणांखाली आले. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत एक पानभर वृत्तांत प्रसिद्ध झाला. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावे बीटी कापसामुळे कशी समृद्ध झाली, याचे ते वर्णन होते. या दोन गावांत एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही, असे त्यात ठामपणे लिहिले होते. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हे विधान किती मोठे होते, ते आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही.

जवळजवळ तीन वर्षांनी, २८ ऑगस्ट २०११ रोजी, तोच मजकूर जसाच्या तसा पुन्हा पानभर छापला गेला. फरक एवढाच, की यावेळी तो बातमी म्हणून छापलेला नव्हता. पानावर बारीक अक्षरांत 'कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह' असे तीन इंग्रजी शब्द होते. पैसे घेऊन छापलेला मजकूर, असा त्याचा अर्थ. पण हा अर्थ सामान्य वाचकाला कसा लागावा? इंग्रजी उत्तम जाणणाऱ्यालाही तो लागणार नाही. तीन वर्षांपूर्वी जी बातमी होती, तीच पुढे एका शब्दाचाही बदल न होता जाहिरात होऊ शकली, यावरून ती बातमी मुळात कोणत्या जातीची होती, याचा अंदाज करता येतो.

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला. द्रोणाचार्यांनी विचारले ते धर्मराजाला, कारण तो खोटे बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख हळू आवाजात केला. शब्दशः पाहिले तर तो खोटे बोललाच नाही. पण ऐकणाऱ्याने काय समजावे हे त्याने आधीच ठरविले होते. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. पानाच्या कोपऱ्यातील ते बारीक अक्षर म्हणजे हळू उच्चारलेला हत्तीचा उल्लेखच होय. आणि विचारणाऱ्याने धर्मराजालाच विचारले होते, हेही विसरू नये. वर्तमानपत्रावर लोक विश्वास ठेवतात म्हणूनच त्याच्या पानाला भाव येतो.

मार्च २०१२ मध्ये शेतीविषयक संसदीय स्थायी समितीचे सदस्य प्रत्यक्ष भांबराजाला गेले. संतप्त गावकऱ्यांनी समितीला सांगितले, की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' दैनिकात मे २०१२ मध्ये या प्रकरणाचा समग्र वृत्तांत लिहिला. २००३ ते २००९ या काळातील नऊ आत्महत्यांची त्यांना पडताळणी करता आली. पानावर ज्याची यशोगाथा छापली होती, त्या शेतकऱ्यालाही ते भेटले. त्याच्या मिळकतीतला मोठा वाटा विमा पॉलिसी विकून आलेला होता! बियाणे कंपनीचे म्हणणे असे, की २००८ साली आम्ही पत्रकारांची फक्त जाण्यायेण्याची व्यवस्था केली. काय लिहायचे हा निर्णय त्यांचा होता. २०११ चा मजकूर हा विपणनाचा भाग म्हणून केलेले पुनर्मुद्रण होते, हे कंपनीने मान्य केले.

येथे एका गोष्टीचा विवेक राखला पाहिजे. बीटी बियाणे चांगले की वाईट, हा या प्रकरणातला प्रश्न नाही. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्याचे अनेक शेतकरी आजही सांगतात. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या वाणांना दाद दिली नाही आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाचे काय झाले तेही सर्वांनी भोगले. कृषिशास्त्रज्ञांनी त्याचा न्याय करावा. आक्षेप आहे तो ज्या घरांत माणूस गेला, त्या घरांना पानभर मजकुरात नाहीसे करण्यावर. भांबराजाच्या एखाद्या विधवेच्या हाती ते पान पडले असेल, तर तिने काय समजावे? आपला नवरा मेलाच नाही, असे?

यावर व्यावसायिकांचा युक्तिवाद ठरलेला असतो. ते वकिलाचा दाखला देतात. वकील आपल्या अशिलाची बाजू मांडतो, विरुद्ध बाजूचे पुरावे स्वतः होऊन पुढे करीत नाही, आणि तरीही त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. मग आम्हीच काय गुन्हा केला? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण न्यायालयात समोर दुसरा वकील उभा असतो, उलटतपासणी होते, वर न्यायाधीश बसलेला असतो. मुख्य म्हणजे, खटला चालू आहे हे सर्वांना माहीत असते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाला मात्र आपल्यापुढे एकतर्फी खटला चालला आहे, याची कल्पनाच नसते. तो चहा पीत बातमी वाचत असतो.

मौन आणि असत्य यांतला भेद मात्र मान्य करावा लागेल. प्रत्येक संस्थेला काही गोष्टी न सांगण्याचा अधिकार असतो. कारखान्याने आपल्या मिश्रणाचे प्रमाण जाहीर करू नये, रुग्णालयाने रुग्णाचा आजार वार्ताहराला सांगू नये, सैन्यदलाच्या प्रवक्त्याने तुकडीच्या हालचाली उघड करू नयेत. येथे 'सांगता येणार नाही' हे संपूर्ण प्रामाणिक उत्तर आहे. अडचण होते ती 'सांगता येणार नाही' म्हणण्याऐवजी 'तसे काही नाहीच' असे म्हणण्याचा मोह पडतो तेव्हा. पहिल्या उत्तराने वार्ताहर रुष्ट होतो, दुसऱ्याने तो फसतो. पहिले उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला साहेबाची बोलणी खावी लागतात, हेही खरे, आणि बहुतेक असत्ये या भीतीपोटी जन्माला येतात.

अर्धसत्याचा एक सौम्य प्रकारही पाहण्याजोगा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीची पहिली प्रतिक्रिया दुकानदारांकडे बोट दाखविणारी होती. साठवण नीट नसते, असे तिचे म्हणणे पडले. ते सर्वस्वी खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. किराणा दुकानात तांदळाच्या पोत्याशेजारी ठेवलेल्या वस्तूत कीड शिरू शकते. परंतु लोकांच्या मनातील प्रश्न अळी कोठून आली हा नव्हता. मुलांच्या हाती हे द्यावे की न द्यावे, हा होता. विक्री घसरली. पुढे कंपनीने दुकानदारांना साठवणुकीचे धडे देण्याची मोहीम काढली, जानेवारी २००४ मध्ये बंदिस्त असे नवे वेष्टन आणले आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. विश्वास परत आला. तो बच्चन यांच्यामुळे आला असे कंपनीचे जाहिरातवाले म्हणतील. पण वेष्टन बदलले नसते तर बच्चन यांचा शब्द किती दिवस टिकला असता?

राजकारणात शिरलेल्या याच व्याधीला 'पेड न्यूज' असे नाव मिळाले आणि तिची सर्वांत गाजलेली नोंद दुर्दैवाने महाराष्ट्राच्या खाती आहे. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाची पानेच्या पाने मराठी दैनिकांत प्रसिद्ध झाली. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत एकच लेख शब्दशः सारखा आढळला. निवडणूक खर्चात मात्र वर्तमानपत्रातील जाहिरातींसाठी दाखविलेली रक्कम ५,३७९ रुपये होती. वृत्तपत्रांनी ते स्वेच्छेने छापले, असा बचाव झाला. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबाबद्दल प्रतिकूल आदेश दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. पुढे २०२४ मध्ये चव्हाण भारतीय जनता पक्षात आले. त्यामुळे २००९ च्या त्या पानांविषयीचे आपले मत बदलत असेल, तर ते मत मुळात पानांविषयी नव्हतेच, असे म्हणावे लागेल.

भारतीय वृत्तपत्र परिषदेने या रोगाच्या चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी सविस्तर अहवाल तयार केला, नावे घेऊन. २०१० मध्ये परिषदेने तो बाजूला ठेवून स्वतःचा आटोपशीर अहवाल काढला. मूळ अहवाल लोकांना पाहायला मिळाला तो माहिती अधिकाराखाली झालेल्या आदेशानंतर, २०११ साली. खोटेपणाची चौकशी करणाऱ्यांनाही सत्य सांगताना संकोच वाटला, असा हा अजब प्रकार.

आता १४० वर्षांहून अधिक मागे जाऊ. 'केसरी' सुरू होऊन वर्षभरच झाले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तेथील दिवाण माधवराव बर्वे छळ करीत आहेत, अशा वार्ता पुण्यात येत होत्या. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी हे प्रकरण हाती घेतले. आधार म्हणून काही पत्रे मिळाली होती, त्यांत दिवाणांचे हेतू उघड होत होते. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर यांनी क्षमायाचना केली. बर्वे यांनी दावा मागे घेतला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले. दोघेही त्यावेळी अवघ्या सव्विशीतले.

या प्रसंगाकडे आपण स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवास म्हणून अभिमानाने पाहतो आणि ते योग्यच आहे. पण त्यातील दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. महाराजांविषयीची कळकळ खरी होती. डिसेंबर १८८३ मध्ये त्यांचा अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर दुर्दैवी अंत झाला, तेव्हा चिंता अनाठायी नव्हती हेही दिसले. परंतु कळकळ खरी असल्यामुळे पत्रे खरी ठरली नाहीत. आणि ते ध्यानात आल्यावर, हेतू थोर होता, विषय राष्ट्रहिताचा होता, समोर इंग्रजांची सत्ता होती, असे कोणतेही आवरण न घेता त्या दोघांनी चूक कबूल केली. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा घटली काय? ते सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागतच केले.

आज भ्रमणध्वनीवर रोज येणारे संदेश पुढे पाठविताना कितीजण हा प्रसंग आठवतात? संदेश आपल्या बाजूचा असला, की तो तपासण्याची इच्छाच मावळते. जुने छायाचित्र नव्या दंगलीचे म्हणून फिरते, एका राज्यातली चित्रफीत दुसऱ्या राज्याच्या नावे येते, आणि आता तर यंत्राने बनविलेला चेहरा व आवाजही खऱ्यासारखा भासतो. पूर्वी हे काम पगारी जनसंपर्कवाले करीत. आता तेच काम आपण विनामूल्य करून देतो, एवढाच काय तो फरक!

विषय आपल्या अंगणात आलाच आहे, तर दोन गोष्टी स्पष्टपणे बोलल्या पाहिजेत. २००३-०४ च्या हिवाळ्यात वाजपेयी सरकारची 'इंडिया शायनिंग' ही मोहीम आठवा. त्यातील बरेचसे आकडे खोटे नव्हते. त्या वर्षी अर्थव्यवस्थेची वाढ आठ टक्क्यांच्या आसपास होती, महामार्ग डोळ्यांना दिसत होते, टेलिफोनसाठीची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा संपली होती. पण सरासरी खरी असली तरी सरासरीत कोणी राहत नाही. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने ते चकचकीत पान पाहिले असेल, तेव्हा त्याला ते आपल्या देशाविषयी आहे असे वाटले नसावे. मे २००४ मध्ये निकाल लागला. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता. मोहीम आखणाऱ्यांनी लोकांना फसविण्याचे ठरविले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते स्वतःच्याच जाहिरातीवर विश्वास ठेवून बसले. गावोगावचा कार्यकर्ता वेगळे सांगत होता. तथापि पानभर रंगीत छपाईपुढे त्याचा आवाज क्षीण पडला.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि म्हणून अधिक अवघड. पतंजली उद्योगसमूहाच्या औषधांविषयीच्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुर्धर व्याधी बऱ्या करण्याच्या दाव्यांना हरकत घेण्यात आली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये असे दावे करणार नाही, असे न्यायालयाला सांगण्यात आले. ते पाळले गेले नाही, असे न्यायालयाला आढळले. स्वामी रामदेव आणि आचार्य बालकृष्ण यांना न्यायालयात उभे राहून क्षमा मागावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून क्षमायाचना छापून आली, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले, की ही क्षमायाचना तुमच्या जाहिरातींएवढ्या आकाराची आहे काय? त्यानंतर मोठ्या आकारात ती पुन्हा छापली गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ती स्वीकारून अवमानाचे प्रकरण संपविले.

योग आणि आयुर्वेद घराघरांत नेण्याचे रामदेवबाबांचे कार्य कोणी नाकारू नये. म्हणूनच हा प्रसंग बोचतो. ज्या वैद्याने आयुष्यभर नाडी पाहून, पथ्य सांगून, आपल्या मर्यादा ओळखून औषध दिले, त्याच्याकडे लोक त्यानंतर कोणत्या नजरेने पाहू लागले असतील? अतिशयोक्तीची किंमत जाहिरात देणाऱ्यापेक्षा त्या शास्त्राच्या मुकाट्याने काम करणाऱ्या उपासकाने अधिक मोजली. न्यायमूर्तींचा प्रश्न मात्र कोणत्याही जनसंपर्क संहितेहून नेमका आहे. भांबराजाविषयीचे असत्य दोनदा पानभर छापले गेले. त्याच्या दुरुस्तीला पानभर जागा मिळाली नाही.

मोठ्यांची उदाहरणे झाली. पण जनसंपर्क ही केवळ कंपन्यांची आणि मंत्र्यांची गोष्ट नव्हे. प्रत्येक पतसंस्थेत, शाळेत, गणेश मंडळात, आणि आपल्याही कामात, कोणीतरी प्रसिद्धीचे काम पाहतो. कार्यक्रम संपला की तो वहीचे पान फाडून, आता भ्रमणध्वनीवर, बातमी लिहितो आणि तालुक्याच्या वार्ताहराला धाडतो. वार्ताहर बहुधा कार्यक्रमाला आलेला नसतो. त्याला एका दिवसात पाच ठिकाणी जायचे असते. तो विश्वासाने बातमी तशीच पुढे पाठवितो. या बातमीत काही शब्द ठरलेले आहेत. उपस्थिती 'प्रचंड' असते. भाषण 'मंत्रमुग्ध' करते. रक्तदान शिबिराला 'उत्स्फूर्त प्रतिसाद' लाभतो. दीडशे माणसे 'हजारोंच्या जनसमुदायात' रूपांतरित होतात.

यात कोणाचे काय बिघडते, असे विचारले जाईल. एक तर जे दीडशे प्रत्यक्ष आले होते, ते दुसऱ्या दिवशी ही बातमी वाचतात. त्यांत शाळेतली मुले असतात. आपल्या आदराची माणसे आकडा वाढवून सांगतात, हे त्यांना पहिल्यांदा त्या सकाळी समजते. दुसरे असे, की पुढच्या वर्षी कार्यक्रमाची आखणी करणारा त्याच कात्रणावर विसंबतो, हजारांची व्यवस्था करतो आणि वरणभात उरतो. वरिष्ठ पातळीवर हेच वृत्त संकलित होते आणि तेथेही एक गैरसमज बळावतो. २००४ साली दिल्लीत जे घडले, ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

आजच्या या कार्यक्रमाचीही बातमी जाईल. ज्या कार्यकर्त्याकडे ते काम आहे त्याने ती लिहिण्यापूर्वी मंडपवाल्याकडे जावे आणि खुर्च्या किती आणल्या होत्या, त्यातल्या किती रिकाम्या राहिल्या, हे विचारावे. त्याचे बिल खुर्चीमागे असते, त्यामुळे त्याच्या वहीतला आकडा चुकत नाही.